त्रेचाळीस घरांचा मालक

किलड्रमीन,
११ मे, रविवार, मिस्सा आटोपल्यावर

प्रिय अट्रॅक्टाताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. ‘वाकून’ हे पत्राची रीत म्हणून लिहिलेलं नाही. मी खरोखरच वाकलेला आहे. तीन दिवस झाले, पाठ सरळ होत नाही आणि हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलाला जवळजवळ नाक टेकवून लिहितोय. (का, ते पुढे येईल. घाई करू नकोस. घाईने काय होतं तेही पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? क्लीव्हलंडचा बर्फ एकदाचा वितळला ना? शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालीस तरी अजून अख्ख्या गल्लीसाठी सूप रांधतेस असं तुझ्या शेजारणीने नाताळच्या कार्डात कळवलं होतं, ते आता कमी कर. भाओजींच्या थडग्यावर माझ्यातर्फे चार फुलं ठेव. इकडे सगळं क्षेम आहे. दोन्ही गाई बऱ्या आहेत आणि जुन्या घराचं छप्पर आपल्या ठरलेल्या जागीच गळतंय, नवीन ठिकाणी नाही.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. वरच्या रानात बांधायला घेतलेल्या तुझ्या घराच्या भिंती कुठवर आल्या, असं विचारलंयस. खिडकीपर्यंत आल्या असतील तर तिकडचं घर त्या दंतवैद्याला विकून ऑक्टोबरात कायमची येशील, आल्या नसतील तर त्याला नाही म्हणून सांगशील आणि तिथंच राहशील, आणि त्याला एकतीस मेपर्यंत उत्तर हवंय. (इतकी वर्षं अमेरिकेत राहून तू पत्रं तारेसारखी लिहायला लागलीस.) प्रश्न सरळ आहे. उत्तरही मी सरळच देणार आहे. फक्त त्याआधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल तुझा भाऊ मूर्ख आहे. सगळं ऐकल्यावरही वाटेल, पण मग निदान सकारण वाटेल.

तुला माहीतच आहे, एकतीस वर्षं मी या काउंटीचा बांधकाम तपासनीस आहे. माझ्या कामाचा नियम एकच आणि अगदी साधा. कुणालाही घर बांधायचं तर पाया खणण्याआधी निदान चौदा दिवस मला लेखी कळवायचं. मग मी जाऊन चर बघणार, गटाराचे नळ बघणार, आणि चहा पिणार. (तीनदा नको म्हणून चौथ्यांदा पिणार. तपासणी चहाच्या आधी केली तर लोकांना राग येतो.) हे सूचनेचे कागद मला कचेरीत फारसे कुणी आणून दिले नाहीत. कुणी गुरांच्या बाजारात बैलाच्या पाठीवर कागद ठेवून सही करायचा, कुणी चर्चच्या फाटकाशी गाडीच्या काचेतून आत सरकवायचा. मागच्या वर्षी बिडी लॅव्हेल गेली. तिच्या थोरल्याचा हात हातात घेऊन मी ‘फार वाईट झालं’ म्हणालो, तर त्याने रडत रडतच माझ्या मुठीत घडी घातलेला कागद दिला. आईची खोली पाडून तिथं मोठी बैठकीची खोली बांधायची होती. मी तो कागद शवपेटीच्या कडेवर टेकवून तारीख घातली. बिडीची काही हरकत दिसली नाही.

पण चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. तेरा नाहीत. यात मी सख्ख्या बापाची गय केली नसती. आपल्या फादरांनी गॅरेजसाठी दोन दिवस आधी कुदळ मारली होती, तर मी काम थांबवलं आणि वर त्यांचा चहा नाकारला. पुढचे दोन महिने रविवारच्या प्रवचनात बायबलातल्या नियमांवर बोट ठेवणाऱ्या परुश्यांचा विषय निघाला की फादर माझ्याकडे बघायचे. मला त्याचंसुद्धा कौतुक वाटायचं. असा मी.

आणि मग एक मार्चपासून हे सगळं ऑनलाइन झालं. फेब्रुवारीत ग्रॉन्या नावाची एक इंजिनियर डब्लिनहून आम्हाला शिकवायला आली. वय असेल बत्तीस-तेहतीस. बोलणं नम्र आणि नजर एक्स-रे काढणाऱ्यासारखी. सामाजिक सभागृहात पडदा लावला होता. काउंटीतले चाळीस बिल्डर आले, एकूणएक हॅम सँडविच संपवलं, आणि दोन तासांच्या भाषणानंतर ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर एकच हात वर झाला. जार्लथ रुएनचा. (तोच, तुझं घर बांधणारा. शाळेत तुझ्या वेणीला डांबर लावलेला.) त्याने विचारलं, ‘हे सगळं झालं तरी मॅलकी असेलच ना तिथं?’ चाळीस माना माझ्याकडे वळल्या. ताई, माझं एकतीस वर्षांचं आयुष्य त्या क्षणासाठीच होतं असं मला वाटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘कुणी काळजी करू नका. तुम्ही कागद माझ्याकडे आणा, सिस्टीमचं मी बघतो.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रॉन्याने वाजवल्या नाहीत, पण मला वाटलं तिच्या हातात चहाचा कप आहे म्हणून.

त्या सिस्टीममध्ये प्रत्येक बांधकामाला चार माणसं लागतात. मालक, बिल्डर, नकाशा काढणारा आणि दाखला देणारा. प्रत्येकाने आपापल्या ईमेलने आत यायचं आणि आपापलं बटण दाबायचं. इथल्या लोकांकडे कुठला ईमेल? (असं मी धरून चाललो. विचारलं कुणालाच नाही.) म्हणून मी माझ्या एकट्याच्या नावाने आत गेलो आणि एकेक कागद भरत सुटलो. मालकाच्या चौकटीवर टिचकी मारली की ती आपोआप भरायची. बिल्डरची भरायची. चारही चौकटी भरून निघायच्या, आणि मला वाटायचं, काय अदबशीर यंत्र आहे, माणसाला ओळखतं! त्या चारही चौकटींत माझंच नाव भरलं जातंय हे बघायला चष्मा पुसावा लागला असता. तो मी पुसला नाही.

मग पत्रं यायला लागली. संगणकाची. ‘प्रिय मॅलकी, तुमच्या बांधकामाची सूचना मिळाली. तपासनीस मॅलकी लवकरच संपर्क साधतील.’ दुसऱ्या दिवशी तपासनीस म्हणून, ‘प्रिय मॅलकी, मालक मॅलकी यांची सूचना आपल्या निर्णयासाठी आली आहे.’ मला वाटलं यंत्राची बोलण्याची तऱ्हाच अशी असेल. एका बंगल्याचे नकाशे अपुरे होते म्हणून मी नियमाप्रमाणे ती सूचना फेटाळली, तर फेटाळल्याचं पत्र मलाच आलं. भाषा इतकी रुक्ष होती की दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. या माणसाला वरिष्ठांकडे खेचावं असंही मनात येऊन गेलं. एप्रिलमध्ये आमची काउंटी ऑनलाइनमध्ये सगळ्या देशात पहिली आली. मोठ्या साहेबांनी कचेरीतल्या बायकांसमोर माझ्याशी हस्तांदोलन केलं. मोटारींचा कर घेणाऱ्या खिडकीतल्या नुआलाने केक आणला. तो मी तीन दिवस पुरवून खाल्ला.

इथं एक गोष्ट मी वगळली, ती आता सांगतो. (तू एव्हाना पत्र उलटसुलट करून भिंतीचा शब्द शोधत असशील. येतोय, येतोय.) तुझ्या घराची सूचना मी दहा मार्चला भरली. तेव्हा पाया खणायचा तो चोवीस मार्चला. सतरा मार्चला सेंट पॅट्रिकचा सण. जार्लथने आपला जेसीबी हिरव्या पताका लावून, पुढच्या लोखंडी बादलीला, सेंट पॅट्रिकने आयर्लंडातून हाकललेल्यांपैकी एक म्हणून, शाळेतल्या पोरींनी केलेला कागदी साप लटकवून मिरवणुकीत नेला होता. परतताना तो आपल्या रस्त्याने आला. मी वरच्या रानात फाटकाशी उभा होतो. ऊन पडलं होतं, जमीन आठवड्यात पहिल्यांदा कोरडी होती. जार्लथने यंत्र थांबवलं आणि म्हणाला, ‘अट्रॅक्टाचं घर कुठं यायचं म्हणतोस?’ मी हाताने दाखवलं. तो म्हणाला, ‘अर्ध्या तासाचं काम आहे.’

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसा मी फाटक उघडून बाजूला झालो. एकतीस वर्षं लोकांना ब्रह्मज्ञान सांगितलं आणि स्वतःच्या बहिणीच्या घराच्या वेळी मी कोरडा पाषाण. सात दिवस आधी! फादरांनी तर दोनच दिवस चोरले होते. शिवाय पहिलं ढेकूळ निघाल्यावर मी टोपी उडवली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला. पताका, साप, जेसीबी, चर आणि टोपी हवेत असलेला मी. तो आमच्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘सणाच्या दिवशीही कर्तव्यदक्ष’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडरवर दिवस मोजले. जार्लथला सांगितलं, आता चोवीस तारखेपर्यंत ढेकळालाही हात लावू नकोस. तो म्हणाला बरं, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. जार्लथचा दुसरा दिवस पाच आठवड्यांनी उजाडतो. तोवर चरात पाणी साठलं आणि एक बदकांचं जोडपं राहायला आलं. तुझ्या घरात आजवर राहिलेली माणसं म्हणशील तर तेवढीच.

एप्रिलच्या शेवटी ग्रॉन्या पुन्हा आली. या खेपेला न कळवता. माझ्यासमोर लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, ‘मॅलकी, तुम्ही त्रेचाळीस घरं बांधायला काढलीत.’

‘मी? मी साधं कोंबड्यांचं खुराडं बांधलेलं नाही.’

‘आणि चर्चचं एक स्वच्छतागृह.’

‘ते फादरांचं.’

‘सिस्टीममध्ये तुमचं आहे. मालक तुम्ही, बिल्डर तुम्ही, नकाशा तुमचा, दाखला तुमचा आणि तपासणीही तुम्हीच करणार. अहो, एका दाराला चार कुलपं लावलीत ती चार माणसांकडे चार किल्ल्या राहाव्यात म्हणून. तुम्ही चारही एकाच जुडग्यात घालून खिशात टाकल्यात.’

मी म्हणालो की लोकांची सोय बघितली. ती म्हणाली, ते दिसतंय, आणि म्हणूनच सरळ कारवाई न करता मी आधी इथं आले. एवढं बोलून तिने पर्समधून साप्ताहिकाचं कात्रण काढलं आणि फक्त तारखेवर बोट ठेवलं. ताई, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला चहाही करून दिला.

निकाल असा लागला. स्वच्छतागृह धरून चव्वेचाळीसही सूचना रद्द. ज्याच्या त्याने आपापल्या नावाने नव्याने भरायच्या. मला रात्रभर झोप नाही. म्हटलं आता काउंटी अडली, कुणाकुणाचे संसार उघड्यावर पडले, आणि या बिचाऱ्यांना कोण शिकवणार? सकाळी हातापाया पडायला जार्लथकडे गेलो, तर तो जेसीबीवर बसून मोबाइलवर बोट फिरवत होता. अकरा मिनिटांत त्याच्या पाचही घरांचं भरून झालं. आठवडा संपायच्या आत बाकीच्यांचं झालं. लॅव्हेलचं त्याच्या सिडनीतल्या पोरीने भरलं, फादरांनी तर सर्वांत आधी. मी जार्लथला विचारलं, ‘तुला येत होतं तर मग इतके दिवस माझ्याकडून का करून घेतलंस?’ तो खाली न बघताच म्हणाला, ‘तू एवढ्या हौसेने करत होतास, मॅलकी. कोण तुला नको म्हणणार?’ ते ऐकून मी घरी आलो आणि टोपी खुंटीला लावायची विसरून बराच वेळ तशीच हातात धरून बसलो.

आता तुझं घर. बाकीच्या कुणी अजून खणलेलं नव्हतं, कारण सिस्टीम नवी आहे, चौदा दिवसांवर आणखी थोडं थांबा, असं सांगून त्यांना मी खणू दिलं नव्हतं. खणलेलं एकच होतं, तपासनिसाच्या बहिणीचं. आणि कायदा असा आहे की एकदा काम सुरू झाल्यावर सूचना देता येत नाही. ज्या घराची सूचना नाही त्या घराला कागद नाही, आणि कागद नसलेलं घर पुढे विकता येत नाही की कुणाला लिहून देता येत नाही. ग्रॉन्याने डब्लिनला दोन दिवस फोन केले तेव्हा एक वाट निघाली. चर बुजवायचा, वर होती तशी माती आणि गवत घालायचं, फोटो पाठवायचे. मग मालकाने नव्याने सूचना द्यायची आणि पुन्हा चौदा दिवस थांबायचं. तपासणीला शेजारच्या काउंटीचा माणूस येईल. मी तुझ्या घराच्या शंभर पावलांच्या आत फिरकायचं नाही. हे मला लेखी मिळालंय.

बुजवायला जार्लथने यंत्र देऊ केलं. मी नको म्हणालो. फावडं घेतलं आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी एकट्याने तो चर बुजवला. वय अठ्ठावन्न आहे हे शुक्रवारी दुपारी लक्षात आलं. बदकं आधीच नाराज होऊन गेली होती. शेवटी गवताचे तुकडे एकाला एक जोडून लावले, पायाने दाबले, आणि गाई आत सोडल्या.

तेव्हा भिंती कुठवर आल्या, याचं सरळ उत्तर असं की गवत घोट्यापर्यंत आलंय. एकतीस मेच्या आत खिडकी सोड, पहिली वीटही बसणार नाही. आणि तू येऊन माझ्याकडे राहावंस असंही मी म्हणत नाही, कारण एका छपराखाली आपण दोघं अकरा दिवसांपलीकडे टिकत नाही हे तुझ्या मागच्या खेपेला चहाच्या किटलीवरून सिद्ध झालंय. तुला वचन दिलं होतं आणि ते माझ्याच हातून मोडलं. याची लाज वाटते. गंमत करून सांगितलं, पण लाज वाटते.

कळावं. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा तरी राहू दे.

तुझा,
मॅलकी

ता. क. – सोबत एक कागद आहे, तो टाकून देऊ नकोस. संगणक घरात येऊ देणार नाही अशी तुझी प्रतिज्ञा मला माहीत आहे, पण तुमच्या वाचनालयात फुकट बसायला मिळतं. तिथल्या बाईंना हा कागद दाखव, त्या लावून देतील. तुझं नाव, तुझा ईमेल (त्या काढून देतील), तुझा पासवर्ड. मला फोन करून ‘तूच भर ना’ म्हणू नकोस आणि चुकूनही माझा ईमेल घालू नकोस, मी हात जोडतो. जार्लथने, नकाशा काढणाऱ्याने आणि दाखला देणाऱ्या इंजिनियरने आपापली बटणं दाबून ठेवलीत. आता एकच उरलंय. त्याच्यावर लिहिलंय, ‘मी मालक आहे आणि हे काम सुरू व्हावं अशी माझी इच्छा आहे.’ ते तुझ्याशिवाय कुणालाच दाबता येत नाही. मी विचारून बघितलं.

ता. क. २ – कोरडी जमीन, रिकामा जेसीबी, सणाचा दिवस, ही कारणं मी ग्रॉन्याला दिली. ती खोटी नव्हती. खरं कारण दिलं नाही, ते तुला देतो. जानेवारीत फोनवर मी विचारलं, ‘नक्की येणार ना?’ तर तू म्हणालीस, ‘बघू.’ आपल्या आईने जन्मात कधी कुणाला नाही म्हटलं नाही, बघू म्हणायची. फोन ठेवल्यापासून माझ्या डोक्यात तेच होतं. मला वाटलं, एकदा जमीन उघडली की तुला मागे फिरता येणार नाही. माझं चुकलं. तुझी तिकडे माणसं आहेत, सूप प्यायला येणारी गल्ली आहे. तेव्हा मनात नसेल तर बटण दाबू नकोस आणि मला समजावणारं पत्रही लिहू नकोस. रान होतं तसं करून ठेवलंय. काही खणलं होतं हे आता कुणाला कळायचंही नाही.

ता. क. ३ – तू बटण दाबलंस की तपासनीस म्हणून मला लगेच संगणकाचं पत्र येतं. (तुझं काम माझ्याकडून काढलं असलं तरी ही पत्रं थांबवायची कशी ते ग्रॉन्याला अजून सापडलेलं नाही, आणि मीही तिला फारशी मदत केलेली नाही.) हे पत्र पोचायला आठवडा लागेल, तोवर काही येणार नाही हे मला कळतं. तरी मी सकाळी नऊला, दुपारी एकला आणि साडेचारला उघडून बघतो. नऊला तुझ्याकडे पहाटेचे चार वाजलेले असतात, असं नुआलाने मला दोनदा सांगितलं. तरी बघतो.